पाच अंशांच्या वर गेलं तर

२०२५ च्या जानेवारीच्या अखेरीस सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन ही अमेरिकी संस्था दिवाळखोरीत निघाली. यंत्रांची, औषधांची, सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिणाऱ्यांची ही संघटना. १९५३ साली बॉस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये वेगवेगळ्या गटांनी ती सुरू केली, मग हे गट एकमेकांत मिसळत गेले आणि १९७१ मध्ये तिने हे नाव घेतलं. बातमी आली तेव्हा पुण्यात आमच्या धंद्यातल्या लोकांची फोनवर हळहळ चालू होती. रोह्याच्या मामाला मी हे सांगितलं. मामा धाटावच्या एका रंगद्रव्याच्या कारखान्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे ती पुस्तकं लिहिणारे पगारी असतात?"

असतात. मी त्यातलीच एक. आमच्या हुद्द्याला टेक्निकल रायटर म्हणतात. लग्न ठरवताना हा हुद्दा समजावून सांगायला फार वेळ लागतो, आणि शेवटी घरचे "आयटीत आहे" एवढ्यावर मिटवतात. मिक्सरच्या खोक्यातलं कुणी न वाचलेलं पत्रक, बँकेच्या अॅपमधली "पुन्हा प्रयत्न करा" ही ओळ, एमआरआय यंत्राचं दोन हजार पानांचं दुरुस्तीपुस्तक हे सगळं कुणीतरी बसून लिहिलेलं असतं. अमेरिकेत या कामाचा इतिहास सांगताना जोसेफ चॅपलाइनचं नाव घेतात. त्याने १९४९ मध्ये बायनॅक या संगणकाचं माहितीपुस्तक लिहिलं. आपल्याकडे हा धंदा नव्वदीच्या दशकात सॉफ्टवेअर कंपन्यांच्या पाठोपाठ आला आणि बंगळूर, हैदराबाद, पुण्यात स्थिरावला.

धंदा आला की परिषदा येतात. त्या अमेरिकी संस्थेची भारतीय शाखा होती. तिची वार्षिक परिषद वेगवेगळ्या शहरांत फिरायची. जर्मनीतल्या टेकोम या संघटनेची परिषदही बंगळूरला भरत आलेली. पुण्यातल्या अशा एका मेळाव्याला मी गेले होते. हॉटेलचा वातानुकूलित हॉल, गळ्यात नावाचा पट्टा, बाहेर लेखनाची सॉफ्टवेअर विकणाऱ्यांची टेबलं आणि त्यांवर फुकटची पेनं. आत मात्र खरंच शिकण्यासारखं बरंच होतं. मजकूर एकदाच लिहून दहा ठिकाणी कसा वापरायचा, यावर एका बाईंनी इतकं स्वच्छ विवेचन केलं की चहाची वेळ झाली तरी कुणी उठलं नाही. आयबीएममध्ये जन्मलेल्या आणि २००५ मध्ये जागतिक मानक झालेल्या डिटा या लेखनपद्धतीवर अर्धा दिवस गेला. उरलेला वेळ कृत्रिम बुद्धिमत्ता आपल्या नोकऱ्या खाणार का, या चर्चेत.

त्या चर्चेत चाकणच्या एका इंजिन कंपनीतला मुलगा उठला. तो म्हणाला, आमचं दुरुस्तीपुस्तक इंग्रजीत आहे आणि गॅरेजमधला माणूस फक्त चित्रं बघतो, तर या पुस्तकाचा वाचक नक्की कोण? व्यासपीठावरून उत्तर आलं की स्थानिक भाषा हा नंतरचा टप्पा असतो. तो बसला आणि पुढचा प्रश्न सुरू झाला.

नंतरच्या टप्प्यावर काय असतं ते बघायला मी रोह्याला गेले.

दिवा-रोहा मेमू पनवेल सोडून पेणकडे निघाली की उजवीकडे खाडी आणि खारभूमीचे बांध दिसायला लागतात. पुढे नागोठणं, मग रोहा. मध्य रेल्वे इथे संपते आणि कोकण रेल्वेचा शून्य किलोमीटर सुरू होतो. गावातून कोलाडच्या रस्त्याला लागलं की थोड्या अंतरावर धाटावची एमआयडीसी. सुदर्शन, एक्सेल, दीपक नायट्राइट, युनिकेम अशी नावं फाटकांवर दिसतात. तुमच्या कारचा रंग, बिस्किटाच्या पुडक्यावरची शाई, रक्तदाबाच्या गोळीतलं मूळ औषध यातलं काही ना काही या रस्त्यावरून गेलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. कारखान्यांच्या मागून कुंडलिका वाहते. तिला बारमाही पाणी आहे ते वर भिऱ्याला टाटांचं वीजघर आहे म्हणून. १९२७ पासून मुळशीचं पाणी घाट उतरून तिथल्या टर्बाइनमधून या नदीत येतं. मुळशीकरांनी त्या धरणासाठी काय गमावलं, ते सेनापती बापटांच्या सत्याग्रहामुळे महाराष्ट्राला माहीत आहे. धाटावच्या उद्योगांचा पाया त्या पाण्यावर आहे, हे मात्र क्वचितच कुणी बोलतं.

फाटकाच्या आतलं लेखन म्हणजे बॅचकार्ड. प्रत्येक बॅचमागे एक कार्ड निघतं. कुठला कच्चा माल किती किलो, कुठल्या रिअॅक्टरमध्ये, कुठल्या क्रमाने, किती तापमानाला, किती वेळ, हे सगळं त्यात असतं. ऑपरेटर एकेका ओळीपुढे वेळ टाकतो, सही करतो. शिफ्ट संपली की कार्ड पुढच्या शिफ्टच्या हातात. कार्डाच्या मागे एसओपी, म्हणजे ठरवून दिलेली कार्यपद्धती असते, एसओपीच्या मागे धोक्याच्या माहितीचं सेफ्टी डेटा शीट असतं, आणि हे सगळं ज्या कपाटात असतं त्याची चावी बहुतेक वेळा क्वालिटीवाल्यांकडे असते.

मामाने उभं आयुष्य डायझोच्या रिअॅक्टरवर काढलं. अॅझो रंगद्रव्यं बनवताना आधी अमाइन आम्लात विरघळवून त्यात सोडियम नायट्राइट सोडतात. तयार होणारं डायझोनियम संयुग फार नाजूक असतं. म्हणून हे सगळं शून्य ते पाच अंशांत, बर्फ टाकत करायचं. तापमान चढलं की ते फुटायला लागतं, नायट्रोजन सुटतो, फेस येतो आणि बॅच हातची जाते. त्यातलं काही कुठे सुकून राहिलं तर ते स्फोटकच. नायट्राइट पुरेसं पडलं का, हे स्टार्च-आयोडाइडच्या कागदाने बघायचं. कागद निळा झाला की पुरे. जास्त झालेलं नायट्राइट सल्फॅमिक आम्लाने मारायचं. मामा हे सगळं बोटांवर सांगतो. तो दहावी नापास आहे.

त्याच्या जुन्या कार्डावर या टप्प्यासाठी इंग्रजीत एक लांबलचक वाक्य होतं. कधीतरी कुणीतरी खाली त्याचं मराठी टाइप केलेलं. त्याचा आशय असा, की तापमान पाच अंशांच्या वर जाणार नाही याची योग्य ती काळजी घेण्यात यावी. वाक्य व्याकरणशुद्ध आहे. त्यात काळजी आहे, ती योग्य आहे आणि ती घेण्यात यावी असंही म्हटलेलं आहे. कुणी घ्यावी ते नाही. आणि खरा प्रश्न तर त्यात नाहीच. रात्री अडीच वाजता बर्फ संपत आलाय, काटा सहावर गेलाय. आता काय करू?

उत्तर मामाला माहीत होतं. नायट्राइटचा व्हॉल्व्ह बंद. बर्फ टाक. ढवळणं थांबवायचं नाही, कारण ढवळणं थांबलं तर गरम जागा तयार होतात. खाली आल्याशिवाय पुन्हा चालू करायचं नाही. येत नसेल तर इनचार्जला उठव. ही पाच वाक्यं त्या कार्डावर कधीच नव्हती. ती एका ऑपरेटरकडून दुसऱ्याकडे, डब्यातली पोळी खाता खाता जात. मामा निवृत्त झाला तेव्हा त्याचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं. पाच वाक्यं मात्र कुणी मागून घेतली नाहीत.

विमान उद्योगाला हा प्रश्न फार आधी पडला. विमान बनतं एका देशात, त्याचा नट आवळणारा मेकॅनिक दुसऱ्या देशात, आणि इंग्रजी दोघांचीही मातृभाषा नाही. म्हणून युरोपातल्या विमान बनवणाऱ्या कंपन्यांनी १९८६ मध्ये सोप्या इंग्रजीची नियमावली काढली. आज ती एएसडी-एसटीई १०० या नावाने चालते. कृतीच्या वाक्यात जास्तीत जास्त वीस शब्द. एका वाक्यात एकच काम. कर्मणी प्रयोग टाळा. अट आधी, कृती नंतर. इशारा कृतीच्या अगोदर, कारण झाकण उघडल्यावर "उघडण्यापूर्वी दाब तपासा" वाचून काही उपयोग नसतो. मी ही नियमावली परिषदेत शिकले. मामाच्या पाच वाक्यांना ती लावून बघितली, तर एकही शब्द बदलावा लागला नाही.

मग कार्डावरचं वाक्य असं का होतं? त्यासाठी लेखकापर्यंत जावं लागतं. धाटावच्या बॅचकार्डांचा लेखक बहुतेक वेळा बीएस्सी किंवा एमएस्सी झालेला, नुकताच लागलेला प्रॉडक्शन केमिस्ट असतो. त्याला प्रयोगशाळेकडून एक फाइल येते. ती प्रक्रिया अर्ध्या लिटरच्या काचेच्या चंबूत केलेली असते. त्यात "नायट्राइट हळूहळू घाला" असं असतं. चंबूभोवती बर्फ असतो, चंबूचा पृष्ठभाग आतल्या मालाच्या मानाने मोठा असतो, उष्णता निघून जाते. तेच पाच हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये केलं की माल दहा हजार पट होतो, पण थंड करणारी भिंत तितक्या पटीने वाढत नाही. तिथलं हळूहळू म्हणजे कधी दोन तास, कधी चार. पण फाइलमधला शब्द कॉपी होऊन तसाच कार्डावर येतो. त्या केमिस्टला लिहायला कुणी शिकवलेलं नसतं, तो लेखक आहे हेही त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पुण्यातल्या हॉलमध्ये पट्टा घालून बसलेल्या आम्हा लोकांच्या मजकुरात चूक झाली तर ग्राहक वैतागून फोन करतो. इथे तसं नाही.

कायद्याला हे कळायला भोपाळ व्हावं लागलं. २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीनंतर जे बाहेर आलं त्यात हेही होतं, की त्या कारखान्यातली कार्यपुस्तकं आणि पाट्या इंग्रजीत होत्या आणि अनेक कामगारांना इंग्रजी जेमतेम येत होतं. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात एक अख्खं प्रकरण घातलं गेलं. हा कायदा २०२५ मध्ये रद्द होईपर्यंत त्यातलं ४१-ब हे कलम सांगायचं की कारखानदाराने धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांनाही द्यायची. १११-अ म्हणायचं की ती मागणं हा कामगाराचा हक्क आहे. फलकांबद्दलचं १०८ वं कलम तर १९४८ च्या मूळ कायद्यातलं. फलक इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत हवेत, असं ते सांगायचं. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनी सेफ्टी डेटा शीट सक्तीचं केलं. हे होतंय तोवर नोव्हेंबर १९९० मध्ये रोहा तालुक्यातच, नागोठण्याच्या गॅस क्रॅकर प्रकल्पात वायुगळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसं गेली. पेण-रोह्यात पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, त्या दिवशी आपण कुठे होतो हे त्याला आठवत असतं.

आता कायद्याप्रमाणे कागद आहेत, भिंतीवर आहेत, फायलीत आहेत. जागतिक पद्धतीच्या सेफ्टी डेटा शीटमध्ये सोळा विभाग असतात. हेल्परला त्यातले खरे लागतात दोन: चौथा, म्हणजे अंगावर उडालं तर काय करायचं, आणि आठवा, म्हणजे हातात-तोंडावर काय घालायचं. बाकीचे डॉक्टर, अग्निशमनवाले, पर्यावरणवाले आणि वाहतूकदार यांच्यासाठी. सोळाचे सोळा विभाग एकाच प्लॅस्टिकच्या खोळीत घालून ड्रमांच्या शेजारी टांगले की कायदा पाळला जातो आणि चौथा विभाग कुणाला सापडत नाही. एका कारखान्यात मराठी फलक होता, फ्लेक्सवर छापलेला. फाँट बदलताना जोडाक्षरं तुटली होती, "ज्वालाग्राही" मधला ज आणि व एकमेकांपासून फुटून मध्ये पाय मोडलेला दिसत होता. त्या फलकाखालून लोक रोज जातात. मराठीला अभिजात दर्जा मिळून त्या वेळी वर्षही झालं नव्हतं.

टँकरचालकाची स्थिती त्यातल्या त्यात बरी. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे घातक माल नेणाऱ्या चालकाला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहितावाचता यायला हवं, त्याचं प्रशिक्षण झालेलं हवं आणि मालाची लेखी माहिती त्याच्या केबिनमध्ये हवी. टँकरवर चौकटीत आकडे असतात, मिथेनॉल असेल तर १२३०, गंधकाम्ल असेल तर १८३०. हे संयुक्त राष्ट्रांचे क्रमांक. वडखळ नाक्यावर टँकर कलंडला तर आग विझवायला आलेल्याने दुरूनच आकडा वाचून पाणी मारायचं की नाही ते ठरवायचं. भाषेचा प्रश्न इथे आकड्याने सोडवला आहे. हे जमलं कारण वाचणारा कोण, तो किती लांब उभा असेल आणि त्याच्या हातात किती सेकंद असतील, याचा विचार लिहिणाऱ्याने आधी केला.

असा विचार मराठीत कधी झालाच नाही, असं समजायचं कारण नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याबद्दल मजकूर आहे. सदरेपासून दूर जागा, भोवती कुंपण, तळघर, दारू सर्द होणार नाही अशी मांडणी, आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन माल बाहेर काढून उन्हं द्यायची आणि परत मोहोर करून ठेवायचा, राखणदारांनी रात्रंदिवस जागायचं, परवानगीवाचून कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही. कुणी करायचं, काय करायचं, किती दिवसांनी करायचं, सगळं जागच्या जागी आहे. धाटावच्या एखाद्या सेफ्टी ऑफिसरने हे आजच्या भाषेत उतरवून सॉल्व्हंटच्या गोदामाला लावलं तर ऑडिटर दोन शेरे मारील, तिसरा मारायला त्याला जागा सापडणार नाही.

शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये "किर्लोस्कर खबर" काढलं तेही कारखान्याचं पत्रक म्हणूनच. लोखंडी नांगराने जमिनीला विष चढतं असं मानणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत यंत्र पोचवायचं तर यंत्राबरोबर मजकूरही पोचवावा लागतो, हे किर्लोस्करवाडीला कळलं होतं. १९२९ मध्ये त्या पत्रकातलं खबर गळून नुसतं "किर्लोस्कर" उरलं आणि ते साहित्याकडे गेलं. साहित्याच्या इतिहासात त्याचा गौरव आहे. नांगराच्या फाळाबद्दलचा मजकूर कसा लिहिला होता, यावर मी कुठे परिसंवाद झालेला ऐकला नाही. माझ्या मते मराठीतली सगळ्यात यशस्वी टेक्निकल रायटर कमलाबाई ओगले. १९७० च्या "रुचिरा"त वाटीचं आणि चमच्याचं माप त्यांनी आधी ठरवून घेतलं आणि मग शेवटपर्यंत सोडलं नाही. नव्याने संसाराला लागलेल्या हजारो मुलींनी ते पुस्तक ओट्यावर उघडं ठेवून, पिठाच्या हातांनी पानं उलटत वापरलं. आमच्या परिषदेत यालाच युजर टेस्टिंग म्हणतात.

असा मजकूर लिहू शकतील अशा दोन संस्था १९६६ मध्येच उभ्या राहिल्या. ४ मार्च १९६६ ला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. कारखान्यांतल्या सुरक्षिततेसाठीची ही केंद्रीय संस्था, आज तिचं मुख्यालय बेलापूरला आहे, पेणहून तासाभरावर. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २४ एप्रिल १९६६ ला मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. एका संस्थेला कारखान्यात काय जीव घेतं ते माहीत आहे. दुसरीला मराठीत विज्ञान कसं लिहायचं ते माहीत आहे. तिची अधिवेशनं गावोगाव भरतात, पत्रिका निघते, सायन-चुनाभट्टीला तिचं विज्ञान भवन आहे. दोघींनी बसून एक बॅचकार्ड लिहून काढलं असतं तर रायगड, ठाणे आणि रत्नागिरीतल्या निम्म्या रासायनिक वसाहतींचं काम झालं असतं. एक कृष्णविवरांवर व्याख्यानं ठेवते, दुसरी इंग्रजीत प्रमाणपत्रं देते, आणि मधली जागा अजून मोकळी आहे.

त्या मोकळ्या जागेत वर्षातून एकदा काहीतरी घडतं खरं. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो आणि तो आठवडाभर चालतो. धाटावला कारखान्यांच्या फाटकांवर हिरवे झेंडे लागतात. सुरक्षेची शपथ होते, मॉक ड्रिल होतं, सायरन वाजतो, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पिशवीकडे बघून लोक जमायच्या जागी धावतात. आणि मग घोषवाक्य स्पर्धा. पेण-रोहा पट्ट्यातलं तांत्रिक लेखकांचं संमेलन म्हणायचं तर हेच. ऑपरेटर, हेल्पर, कँटीनवाले, कामगारांची मुलं, सगळे लिहितात. अशा एका कार्यक्रमाला मी शेवटच्या रांगेत बसले होते. बक्षीस घोषवाक्याला मिळालं, आणि घोषवाक्य यमकात होतं. बहुतेक नोंदी यमकात होत्या. घाई आणि जिवाची लढाई, सुरक्षा आणि रक्षा अशा जोड्या. टाळ्या झाल्या, थर्मासची बक्षिसं वाटली गेली.

माझ्या शेजारी बॉयलरवरचे एक काका बसले होते. त्यांची नोंद बाद झाली होती. त्यांनी काय लिहिलं होतं ते मी विचारलं. त्यांनी खिशातून कागद काढून दिला. पाण्याची पातळी दिसेनाशी झाली तर आधी आग बंद करायची, पाणी भरायला धावायचं नाही, असं दोन ओळींत होतं. तापलेल्या कोरड्या नळ्यांवर गार पाणी गेलं तर बॉयलर फुटू शकतो, हे कारणही तिसऱ्या ओळीत होतं. परीक्षकांनी सांगितलं म्हणे, की हे घोषवाक्य नाही, ही सूचना आहे. परीक्षकांचं बरोबर होतं. सूचनेसाठी स्पर्धा नव्हती.

पेणला या सगळ्याचा एक वेगळाच अध्याय चालू आहे. इथल्या गणपतीच्या कारखान्यांत, हमरापूर, जोहे, तांबडशेत या गावांत, लिहिलेलं काही नसतंच. शाडू गुजरातेतून येतो. तो किती भिजवायचा, किती मळायचा, पावसाळी हवेत मूर्ती किती दिवस सुकवायची, हे हाताला कळतं. मूर्तिकार मातीची वळी करून ती वाकवतात आणि भेग कुठे पडते ते बघतात. डोळ्यांची आखणी करणारा तर बोलतही नाही. या कलेचं माहितीपुस्तक लिहावं असं मला कधी वाटलं नाही. ज्याला शिकायचं तो येऊन बसतो, आणि चुकलेली माती पुन्हा मळता येते.

पण कागद त्यांच्याकडे चालत आला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १२ मे २०२० ला मूर्ती विसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली. प्लास्टर ऑफ पॅरिसला त्यात मनाई होती. पेणची बहुतांश उलाढाल प्लास्टरवर. इंग्रजी पीडीएफ फोनवर फिरत फिरत आली, तिच्यासोबत तिचे अर्थही फिरत आले. बनवायला बंदी की विकायला? की फक्त नदीत सोडायला? पुढची पाच वर्षं कोर्टकचेऱ्यांत गेली. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला आणि विकायला मुभा दिली, नैसर्गिक पाण्यात विसर्जन करायचं नाही या अटीवर. त्यानंतर शासनाचा नियम आला, की प्लास्टरच्या मूर्तीच्या पाठीवर तैलरंगाने लाल वर्तुळ काढायचं, म्हणजे विसर्जनाच्या जागी ओळखू येईल.

मला हे वर्तुळ फार आवडलं. पाच वर्षांच्या सगळ्या तत्त्वांपैकी कारखान्यातल्या प्रत्येकाला न विचारता कळलं ते हे एकच. हमरापूरच्या एका कारखान्यात एक मुलगी ब्रश घेऊन ओळीने बसवलेल्या मूर्तींच्या पाठींवर वर्तुळं काढत होती. मालक म्हणाले, "बाप्पाच्या पाठीवर खूण करायची म्हणजे जिवावर येतं, पण निदान समजलं तरी." ते वर्तुळ कुणीतरी ठरवलं, त्याची जागा, रंग, रंगाचा प्रकार ठरवला. तैलरंग का, तर जलरंग धुऊन जातो. त्या अधिकाऱ्याचं नाव कळलं तर मी पुढच्या परिषदेत त्याचं भाषण ठेवायला सांगेन.

परिषद रोह्यात का भरू नये, हा प्रश्न मी पुण्याच्या काही सहकाऱ्यांना विचारला. कुणाला हसू आलं नाही, ही चांगली खूण. अडचणी निघाल्या त्या हॉटेलच्या आणि प्रायोजकांच्या. कोलाडला रिव्हर राफ्टिंगसाठी शेकडो आयटीवाले दर शनिवारी येतात, कुंडलिकेत त्याच भिऱ्याच्या पाण्यावर तरंगतात आणि तिथल्या रिसॉर्टांत राहतात, धाटावपासून काही मिनिटांवर. तेव्हा हॉटेलचं कारण मला पटलेलं नाही. प्रायोजकांचं पटतं. मामाच्या पाच वाक्यांतून कुणाला काही विकता येत नाही.

दरम्यान भाषांतर यंत्रांकडे चाललं आहे. सेफ्टी ऑफिसर आता फोनवरच इंग्रजी शीटचं मराठी करून घेतात. बहुतेक वाक्यं बरी येतात. धोका आहे तो बरी न आलेली वाक्यं बरी दिसण्यात. यंत्र मूळ वाक्यातली उणीव भरून काढत नाही, उलट तिला सुबक मराठी देतं. काळजी घेण्यात यावी हे आता शुद्धलेखनाच्या एकाही चुकीवाचून छापलं जातं.

मामाची पाच वाक्यं मी लिहून काढली. त्याला वाचून दाखवली. त्याने एक दुरुस्ती सांगितली: बर्फ टाकण्याआधी व्हॉल्व्ह, हा क्रम ठळक कर, पोरं घाबरली की आधी बर्फाकडे धावतात. त्याच्या ओळखीच्या एका केमिस्टने ती आपल्या कारखान्यात नेली. तिथे बॅचकार्डात शब्द बदलायचा तर चेंज कंट्रोलचा अर्ज भरावा लागतो. अर्ज मुंबई ऑफिसला गेला, काही महिन्यांनी परत आला. मराठी मजकूर केवळ माहितीसाठी असेल आणि मतभेद झाल्यास इंग्रजी मजकूर प्रमाण मानला जाईल, अशी तळटीप घालून मंजुरी होती. मराठी ओळी आता कार्डावर आहेत.

केमिस्टने फोन करून हे सांगितलं आणि पुढचं काम दिलं. डायझोवर अजून रोहा-कोलाडचीच माणसं आहेत, पण बर्फ फोडायला आणि ड्रम चढवायला कंत्राटदाराची मुलं येतात, ओडिशाची आणि झारखंडची. रात्रपाळीला कधी कधी रिअॅक्टरजवळ तीच जास्त असतात. बहुसंख्य कामगारांना समजेल अशी भाषा, असं १०८ वं कलम म्हणायचं, तर त्या मजल्यावर रात्री ती भाषा मराठी नाही. तो विचारत होता, हिंदीत करून देता येईल का, आणि ओडिया येणारं कुणी तुमच्या पुण्याच्या परिषदेत असतं का. असतं. बंगळूरला तर बरेच असतात. मी दोन नंबर दिले आहेत.